हायब्रीडची भाकरी

हायब्रीड हा शब्द मोटारवाल्यांनी जन्माला घातला, अशी पुण्याकडे एक समजूत आहे. मराठवाड्यात तो मोटारीच्या कितीतरी आधी बियाण्याच्या पिशवीतून आला. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी निघाली. पोती भरली, यात वाद नाही. पण पीक लवकर तयार व्हायचे, पाऊस अजून मुक्कामालाच असायचा आणि कणसे काळी पडायची. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ही भाकरी गोड लागेना. तेव्हापासून आमच्याकडे 'हायब्रीड' म्हणजे दिसायला दांडगे आणि दमाला कच्चे. नातू ताडमाड वाढला आणि अर्धे पोते उचलताना धापा टाकू लागला, की आजी म्हणते, "हायब्रीड हाय त्ये, चालायचंच."

हा इतिहास माझ्या भाच्याला ठाऊक नव्हता. म्हणून तो माकणीत, निम्न तेरणा धरणाच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर, एका पिकअपवाल्या आण्णांना डिझेल-इलेक्ट्रिक हायब्रीड पिकअपचे गुण सांगायला बसला.

"आण्णा, यात डिझेल इंजिन आहेच. शिवाय विजेची मोटर, शिवाय बॅटरी."

"म्हंजे बंद पडायला तीन जागा झाल्या," आण्णा म्हणाले.

टीकाकाराने जे दोन पानांत सांगायचे, ते आण्णांनी एका घोटात सांगितले. पण मला मानधन पानांवर मिळते, तेव्हा थोडे विस्ताराने बोलतो.

आधी पिकअप म्हणजे काय ते समजून घ्या. माकणीसारख्या गावात ती गाडी नसते, घरातले कर्ते माणूस असते. पहाटे टोमॅटो घेऊन बाजाराला, परतताना खताची पोती, दुपारी कुणाचा तरी पाण्याचा पाइप. कायद्याने तिच्यात माणसे भरायची नाहीत. पण लग्नसराईत कायद्यालाही आमंत्रण असते. रात्री कुणाच्या पोटात दुखू लागले तर दार तिच्याच मालकाचे वाजते. आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता. असे माणूस एक दिवस जरी अंथरुणावर पडले, तरी घर बसते.

आता हायब्रीडची करामत पाहू. ब्रेक दाबला की एरवी उष्णतेत वाया जाणारी शक्ती मोटर विजेत बदलते, बॅटरीत साठवते आणि पुढच्या धक्क्याला परत देते. युक्ती खरोखर सुंदर आहे. पण ती तिथे फळते जिथे माणूस दर मिनिटाला थांबतो, म्हणजे शहरात. एका लयीत पन्नास किलोमीटर जाणाऱ्या लादलेल्या गाडीत साठवायला फारसे काही उरतच नाही. आमच्याकडचे गतिरोधक तेवढे वीजनिर्मितीची आशा दाखवतात. त्यातून डिझेल इंजिन मुळातच काटकसरी. काटकसरी सासूच्या घरी काटकसरी सून आणली, तर बचत दुप्पट होत नाही. भांडी मात्र दोन ठिकाणी आदळतात.

मोठ्यांनी हे करून पाहिले आहे. प्यूजोने २०११ साली डिझेल हायब्रीड मोटार बाजारात आणली. ती वाट पुढे राजमार्ग काही झाली नाही. आपल्याकडे महिंद्रने २०१६ साली स्कॉर्पिओला छोटेसे हायब्रीड जोडले, तेव्हा अशा गाड्यांना सरकारी अनुदान होते. १ एप्रिल २०१७ला ते गेले, आणि त्याच वर्षी जीएसटी येऊन मोठ्या हायब्रीड मोटारींवर सेससकट ४३ टक्के कर बसला. सरकारने एका हाताने लाडू दिला आणि दुसऱ्या हाताने लाडवाचा डबाच काढून घेतला. टोयोटाने परदेशी हायलक्स पिकअपला ४८ व्होल्टची लहानशी मोटर जोडली आहे. बचत? कंपनीच म्हणते, पाच टक्क्यांच्या आसपास. एवढे डिझेल आमच्या आण्णांचा क्लीनर गाडी चालू ठेवून तंबाखू मळण्यात घालवतो.

मग डिझेल आणि वीज यांचे जमतच नाही का? जमते, रुळांवर. रेल्वेचे डिझेल इंजिन म्हणजे डिझेल-विजेचाच संसार: डिझेल जनित्र फिरवते, आणि चाके विजेच्या मोटरी ओढतात. एप्रिल २०१६मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे आली, ती याच जातीच्या इंजिनाने. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. पण तिथे भली मोठी बॅटरी बाळगायची नसते, आणि दुरुस्तीला अख्खे लोकोशेड पाठीशी असते. आण्णांच्या पाठीशी लोहाऱ्याचा मिस्त्री. तो इंजिन आवाजावरून ओळखतो. पण जाड नारिंगी वायर दिसली की बॉनेट लावून हात जोडतो. त्याचे चूक नाही. त्या वायरीत जीव घेण्याइतकी वीज असते.

भाचा हिरमुसला. मग त्याने शेवटचा पत्ता टाकला. अमेरिकेत फोर्डचा एक पेट्रोल हायब्रीड पिकअप आहे. त्याच्या मागच्या हौद्यातून ७.२ किलोवॉट वीज घेता येते. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात थंडीने वीज गेली, तेव्हा लोकांनी त्यावर घरे चालवली.

आण्णांनी कपबशी खाली ठेवली. "मंग आधी ह्ये सांगायचं की! रातच्याला लाइट येती. साप-किरडात पाणी धराय जावं लागतं. दिवसा शेतात गाडीवर मोटर चालंल का?"

"चालू शकेल," भाचा उजळला.

"आन् त्येल कुणाचं जळंल?"

भाचा गप्प झाला. पण माझ्या मते सगळ्या गप्पांत कामाचा प्रश्न हाच निघाला. या गाड्या विकणारे लिटरला किती किलोमीटर ते सांगतात; बांधावर किती वीज, मिस्त्री किती कोसांवर, बॅटरी गेली तर किती हप्त्यांचा खड्डा, हे कुणी सांगत नाही. ज्वारीचे नवे वाण कृषी विद्यापीठ आधी आपल्या प्लॉटवर पेरून पाहते. मोटारीचे नवे वाण मात्र थेट कर्जदाराच्या दारात पेरायचे, हा कुठला न्याय? कंपनीने आपली गाडी, आपला मिस्त्री आणि आपले डिझेल घेऊन उसाचा एक हंगाम माकणीत काढावा.

चहापाण्याचा खर्च आण्णा करतील, असे त्यांनी जाता जाता कबूल केले आहे.