आवाज तिचा, ‘मी’ कुणाचा?

गेल्या पाडव्याच्या पहाटे गोदाकाठी बसून मी अकरा गाणी निमूट ऐकली आणि बाराव्याला चिडलो. चिडायला खरं तर पहिल्याच गाण्याला हवं होतं. पण थंडी होती, हातात मसाला दूध होतं आणि शेजारी बसलेल्या काकू प्रत्येक गाण्याची पुढची ओळ आधीच गुणगुणत होत्या, त्यामुळे रागाला वाव मिळेना. गाणारी मुलगी पंचविशीची. आवाज स्वच्छ, गिटार मांडीवर. कार्यक्रमाला ‘जुनी गाणी, नवं रूप’ अशा थाटाचं काहीतरी नाव होतं. नवं रूप म्हणजे काय, तर लय निम्म्यावर आणलेली, अंतऱ्याआधीचा सतारीचा तुकडा गाळलेला आणि शेवटची ओळ चार वेळा कुजबुजलेली. अकरा गाणी अशी झाल्यावर ती म्हणाली, “आता एक माझं आहे. छोटंसंच आहे.”

त्या ‘च’नं मी चिडलो. लोक चपला शोधू लागले होते, आयोजक घड्याळ बघत होते, आणि ती आपल्याच गाण्याची माफी मागत होती. गाणं होतं कांदाचाळीपुढे बसून दिवसभर कांदा निवडणाऱ्या आजीचं. चार-पाच सुरांतली चाल, फिरून फिरून त्याच जागी येणारी. आधीच्या अकरांत जे एकदाही ऐकू आलं नव्हतं ते त्या तीन मिनिटांत आलं: गाणाऱ्या बाईला स्वतःला काही सांगायचं होतं. नंतर मी तिला शब्द मागितले. तिनं मोबाइल पुढे केला. कवितेच्या वर एक ओळ होती, ‘चाल : आजीची’.

तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

मराठीत गाणाऱ्या मुलींना सध्या तोटा नाही. २००८-०९च्या ‘लिटिल चॅम्प्स’नंतर घराघरांत मुली गाऊ लागल्या, आणि ज्यांना वाहिनीनं घेतलं नाही त्यांना यूट्यूबनं घेतलं. गळे तयार आहेत, सूर पक्के आहेत. पण म्हणायचं काय, असं विचारलं की सगळ्या एकाच कपाटाकडे धावतात. १९५० ते १९८० मधली शंभरेक भावगीतं आणि चित्रगीतं, तीच आलटून पालटून. त्यांचं ‘अनप्लग्ड’ करायचं. मुळात प्लग होता कुठे? पेटी, बासरी, सतार आणि तबल्यावर उभ्या असलेल्या गाण्याचा कुठला प्लग काढणार? रिमिक्सवाल्यांवर मी वाक्य खर्च करणार नाही. हे झालं तेवढं पुरे.

गिटारशी माझं वैर नाही. खटकतं ते असं, की या नव्या रूपात बदलण्याजोगी जी एकच गोष्ट होती तिला कुणी हात लावत नाही. ती गोष्ट म्हणजे गाण्यातला ‘मी’.

आपल्या गाण्यातली बाई बहुतेक वेळा पुरुषानं लिहिलेली आहे. होनाजी, रामजोशी, पठ्ठे बापूराव यांनी लावणीत तिला बोलतं केलं. पवळाबाईनं ते फडावर गाऊन दाखवलं. पुढे गदिमा आणि खेबुडकरांनी तिला अंगणात, माजघरात, झोपाळ्यावर बसवलं. त्यांनी वाईट लिहिलं असं म्हणणारा करंटा मी नाही. ‘गीतरामायणा’तल्या छप्पन्न गाण्यांत सीता जिथे बोलते तिथे आजही माझा घसा दाटतो. पण ती सीता गदिमांची आहे. आम्ही नाशिककर पंचवटीत सीतागुंफेच्या दारात राहतो, आणि जात्यावरच्या बायकांनी तीच सीता कितीतरी वेगळी गायली आहे. त्यांची सीता वनात एकटी बाळंत होते, तिच्याजवळ सुईण नाही, आणि रामाबद्दल त्या बाया जे बोलतात ते पाडवा पहाटेच्या मंचावर बोलायची कुणाची छाती नाही. तारा भवाळकरांनी या सीतेवर किती बारकाईनं लिहिलं आहे! त्यांना दिल्लीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं, शाल दिली, आणि गायला पुन्हा गदिमाच घेतले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात त्या कुणालाही ऐकता येतात. आपल्याकडच्या स्वतः रचणाऱ्या नि स्वतः गाणाऱ्या बायकांचं एवढं मोठं भांडार हाताशी असताना ‘मराठीत गायिका-गीतकार का नाहीत’ म्हणून चर्चासत्रं भरतात याची मला मौज वाटते. हे ध्वनिमुद्रण ऐकताना कान ज्याकडे जातो ती गोष्ट म्हणजे चालीचा कंजूषपणा. बाया चालीला ‘गळा’ म्हणतात. एका गावात दोन-चार गळे, ते आईकडून, सासूकडून आलेले. त्याच गळ्यावर एकीनं भावाला बोलावलं, दुसरीनं दारूड्या नवऱ्याला शिव्या घातल्या, आणि माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांना ओवाळलं. गळा जुना, बोलणं आजचं. म्हणजे जुन्या गाण्याला नवं रूप द्यायची आपल्या बायकांची रीत आजच्या मंचावरच्या रीतीच्या नेमकी उलटी. त्यांनी चाल ठेवली आणि शब्द फिरवले. आपण शब्द काचेच्या कपाटात ठेवतो आणि वाद्यं फिरवतो.

बहिणाबाईंचं उदाहरण मला फार टोचतं. असोद्याची मुलगी, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेतात आणि घरात काम करता करता रचलं आणि म्हटलं. मुलानं, सोपानदेवांनी, नि त्यांच्या मावसभावानं काही उतरवून घेतलं म्हणून वाचलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्या दिवशी एक थोर कवयित्री जन्माला आली आणि एक गाणारी बाई गडप झाली. कारण कागदावर शब्द उतरले, गळा उतरला नाही. आज बहिणाबाई म्हटल्यावर आपल्या कानात जे वाजतं ते १९६१ च्या ‘मानिनी’तलं वसंत पवारांचं संगीत आणि सुमन कल्याणपूर यांचा आवाज. सुंदर आहे, वादच नाही. पण बहिणाबाईंनी ते कसं म्हटलं होतं? कुठल्या गळ्यावर? तिच्या नावानं आता विद्यापीठ आहे. तिची चाल कुणाकडे आहे हे मी जळगावात ज्याला त्याला विचारत हिंडलो, तेव्हा प्रत्येकानं मला चित्रपटातलंच गाणं म्हणून दाखवलं.

चाल ठेवून शब्द फिरवायची ही रीत मेली म्हणावं तर तेही खरं नाही. पंचवटीतल्या कुठल्याही भजनी मंडळात दुपारी जा. चादरीवर पेटी, टाळ, ढोलकी; आणि प्रत्येकीच्या मांडीवर दोनशेपानी वही. वहीत दर गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘चाल :’ आणि पुढे साठ सालच्या एखाद्या हिंदी चित्रपटाचं गाणं. खाली शब्द मंडळातल्याच कुणाचे तरी. विठ्ठलाचे असतात, पण तेवढेच नसतात. सुनेचे असतात, गुडघेदुखीचे असतात, परदेशी गेलेल्या मुलाच्या व्हिडिओ कॉलचेही असतात. समीक्षक मंडळी याला उचलेगिरी म्हणतात. भीमगीतांनाही तेच म्हणाले होते. सिन्नरच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक अशाच लोकांच्या तोंडात बसलेल्या चालींवर गाणी बांधत खेडोपाडी फिरले, आणि ती गाणी तिथल्या बायकांनी उचलून त्यांत आपली कडवी घातली. ज्या माणसाच्या जिल्ह्यात काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्याला चाल उसनी घेण्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. दार बंद असेल तर माणूस खिडकीतून आत येतो.

गंमत अशी की कायदासुद्धा पाडवा पहाटेच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायद्यातलं २०१२ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३१-सी बघा. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर, स्वामित्वधन भरून, त्याच गाण्याचं दुसरं मुद्रण करायला ते परवानगी देतं. मात्र शब्दांत किंवा स्वररचनेत, मालकाच्या संमतीनं आधी झालेला किंवा तांत्रिक गरजेपुरता बदल सोडून, इतर फेरफार करायचे नाहीत. गीतकार-संगीतकारांचं पोट त्यावर आहे हे मान्य. पण याचा अर्थ असा होतो, की मुलीनं गाण्यातला ‘मी’ जशाचा तसा म्हटला तर ते कायदेशीर ‘कव्हर’, आणि मंडळातल्या मावशींनी तो स्वतःचा करून छापला तर चोरी.

आता थोडं मोठ्या घरांबद्दल. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी आहे. पाडवा पहाटेच्या यादीत ती बहुतेक वेळा असते. त्या मुलीनंही निम्म्या लयीत म्हटली. गायिका आशा भोसले, शब्द शांता शेळक्यांचे, संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. लिहिणारी बाई, बांधणारी बाई, गाणारी बाई. मराठी चित्रपटात असं कितीदा घडलं? आणि त्या पडद्यावर त्यांपैकी एकीचं नाव पुरुषी वळणाचं होतं. लताबाईंनी १९५० च्या ‘राम राम पाव्हणं’ला संगीत दिलं होतं, पण पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ यांना दिलं ते ‘आनंदघन’ होऊन. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध आवाजाला चाल बांधताना पडदा घ्यावासा वाटला. आणि शांताबाई? त्यांनीही काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली. कारणं ज्याची त्याची असतील, नोकरीची असतील, सोयीची असतील. मला एवढंच दिसतं की निवडलेला मुखवटा एकीचा उघड पुरुषाचा, दुसरीचा पुल्लिंगी. त्या मुलीच्या ‘छोटंसंच आहे’मधला ‘च’ कुठून आला ते इथे कळतं.

ज्यांनी तो ‘च’ गिळला नाही त्यांना आपण कुठे बसवलं? कबीर कला मंचाची शीतल साठे लिहिते आणि गाते. तिचा आवाज ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये गरोदर असताना तिनं विधानभवनासमोर स्वतःहून अटक करवून घेतली. तिचं नाव वर्तमानपत्रात आलं, संगीताच्या पानावर आलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. ती सगळी त्यांची स्वतःची नाहीत, पण एका तारेवर त्या गाणं ज्या प्रकारे उभं करतात त्यापुढे आमच्या गोदाकाठचं सहा वाद्यांचं नवं रूप दमलेलं वाटतं. महादेव कोळी समाजातली माही जी जंगल आणि जमिनीवर रॅप करते. रॅप माझ्या कानाला अजून नीट सोसत नाही, तरी बाई बोलते आहे आणि तिच्या तोंडचं वाक्य तिचंच आहे एवढं मला कळतं. शास्त्रीय मैफलीत तर प्रभा अत्रे, अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वतःच्या बंदिशी बांधल्या, छापल्या, शिकवल्या, आणि कुणी ‘छोटीशीच आहे’ म्हटलं नाही.

एक मित्र म्हणतो, गाणारीनं लिहायलाच हवं हा हट्ट कशाला? अरे, हट्ट नाही. किशोरीताई आमोणकरांनी सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग घेतला, त्याला आपली चाल दिली आणि गायला. शब्द चौदाव्या शतकातल्या एका दलित बाईचे, सूर विसाव्या शतकातल्या बाईचे. अक्षरही बदललं नाही, तरी ते नवं रूप होतं, कारण दोन बाया सहाशे वर्षांच्या अंतरावरून एकमेकींशी बोलत होत्या. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आहेत, जनाबाई आहे. मुक्ताबाईच्या थोरल्या भावाची समाधी इथून तासाभरावर त्र्यंबकेश्वरी आहे. दर पौष वारीला तिथे हजारो बाया वाटेनं गात जातात. त्यांच्यातली एक तरी पाडव्याला मंचावर बसवली कधी? “ते वेगळं, हे वेगळं,” असं मला उत्तर मिळालं. वेगळं काय आहे? त्या चपला घालून येत नाहीत, हे?

रसिकांना जुनंच हवं असतं, हा दुसरा मुद्दा. साफ खोटं. त्या पहाटे लोक उठले, कारण त्यांना सांगितलं गेलं की आता छोटंसं, बिनमहत्त्वाचं काहीतरी आहे. माझ्या शेजारच्या काकू मात्र उठल्या नव्हत्या. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “हा गळा तर आमच्या निफाडकडचा.” अकरा गाण्यांत एकदाही त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

यंदाच्या पाडव्याचं निवेदन मी लिहावं असं समितीनं कळवलं आहे. सोबत गाण्यांची यादी आली. बारा गाणी, बारा कवी, सगळे पुरुष. तेराव्या क्रमांकावर पेन्सिलीनं लिहिलंय, ‘वेळ उरल्यास कलाकाराचे स्वतःचे’. मी ती पेन्सिलीची ओळ खोडून पहिल्या क्रमांकावर पेनानं लिहिली आणि यादी परत पाठवली. दोन दिवसांनी ती पुन्हा टाइप होऊन आली. ओळ परत तेराव्यावर, या वेळी कंसात. यादी माझ्या टेबलावर आहे. पेनही आहे.