शेवटचे तीन कोस

भाद्रपद सरत आला होता. दोन दिवसांच्या सुट्टीत मी कपिलधारेला गेलो होतो. बीडपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या कुशीत हे स्थान आहे. धबधबा अजून चांगला वाहत होता, आणि मन्मथस्वामींच्या समाधीपाशी फारशी वर्दळ नव्हती. कार्तिकी पौर्णिमेला येथे पाय ठेवावयास जागा नसते. त्या दिवशी मात्र पाण्याचा आवाज तेवढा होता. परतताना चढावर एक तरुण घामाघूम होऊन धावत येताना दिसला. जवळ येताच तो थांबला आणि वाकून पाया पडला. माझा जुना विद्यार्थी! बीडला एका दुकानात हिशेब लिहितो.

“जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला नाव दिलंय, गुरुजी. पहिलीच खेप. बक्षिसाचं काही नाही, नुसतं पोचायचंय,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून पुढे म्हणाला, “तीस किलोमीटर एकदा झालेत. त्याच्या पुढचं काय असतं, ते काही ठावं नाही. तुमच्यापाशी एखादं पुस्तक असंल तर द्या. मधीच बसू वाटू नये असं.”

वाचकहो, पंचवीस वर्षे मी मुलांना पुस्तके देत आलो आहे; पण इतकी नेमकी मागणी कोणी केली नव्हती. एरवी आपण साहित्याकडे आनंद मागतो, फार तर संस्कार मागतो. ह्या पोराने दहा किलोमीटर मागितले. जुन्या हिशेबाने शेवटचे तीन कोस. त्या निमित्ताने घरची फळी खाली उतरवून मी जे वाचले, ताडून पाहिले, त्याचा हा जमाखर्च.

प्रथम त्या तीन कोसांचे गणित पाहू. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. माणूस धावतो तेव्हा अंगाच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक उष्मांक खर्ची पडतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सारी वाट पुरी करण्यास अडीच हजारांच्या आसपास उष्मांक लागले. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो तयार साठा असतो, तो सुमारे दोन हजारांचा. अंगातली चरबीही जळते, पण ती सावकाश जळणारे ओले लाकूड. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पाय शिशाचे होतात आणि डोके रुसते. धावणारे लोक ह्याला ‘भिंत’ म्हणतात. गंमत अशी की नवशिक्याला सरावात बहुधा तीस-बत्तीसच्या पुढे नेत नाहीत. म्हणजे जेथे खरी परीक्षा, तेथे तो आयुष्यात कधी गेलेलाच नसतो. तेथे त्याच्या आधी कोणा दुसऱ्याचे शब्दच गेलेले असू शकतात. तेव्हा माझी कसोटी सोपी होती : ह्या शेवटच्या तीन कोसांविषयी कोणते पुस्तक खरे बोलते?

ह्या कसोटीवर आजची ‘प्रेरणादायी’ म्हणून खपणारी पुस्तके पहिल्याच फेरीत बाद होतात. त्यांत आरंभ असतो, अखेर असते. मधला भाग एका वाक्यात उरकलेला असतो. नायकाने जिद्द सोडली नाही, एवढे सांगून लेखक पुढच्या प्रकरणाला लागतो. पण जिद्द म्हणजे काय, ती कोठे ठेवलेली असते, आणि बत्तिसाव्या किलोमीटरला खिशात हात घातला व ती तेथे नसली तर काय करावयाचे? आमच्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे ह्यांनी २०२० साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला. त्यांच्याविषयी मुले जे वाचतात, त्यांत गरिबी असते आणि पदक असते. लहानपणी शाळेसाठी ते रोज काही किलोमीटर चालत-पळत जात, ही गोष्ट जाता जाता येते. मला तीच महत्त्वाची वाटते. शाळेची घंटा हे किती साधे कारण! पण त्या कारणापायी पोर रोज शेवटपर्यंत जात असे.

आता मूळ दंतकथेकडे वळू. मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सला धावत आला आणि ती सांगताच गतप्राण झाला, ही कथा आपण शाळेत शिकवतो. परंतु हिरोडोटसने ती सांगितलेली नाही. त्याचा दूत लढाईपूर्वी मदत मागावयास अथेन्सहून स्पार्टाला जातो. मरणाची कथा पुढच्या काळात प्लुटार्क, ल्युशियन ह्यांच्या लेखनात येते. रॉबर्ट ब्राउनिंगने १८७९ साली तिच्यावर कविता केली आणि ती घरोघर पोचली. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून ही शर्यत ठेवण्यात आली. एका भाषापंडिताने कथेवरून शर्यत उभी करावी आणि आज जगभर लाखो माणसांनी ती धावावी, हा साहित्याचा विजयच म्हणावयाचा. पण माझ्या विद्यार्थ्याला तिचा काय उपयोग? ह्या कथेतला नायक पोचतो आणि मरतो. वाटेत तो काय सोसत होता, ह्यावर कथा मौन पाळते. शिवाय वार्ता पोचवणे हे त्याचे काम होते. आमच्या हिशेबनिसाची वार्ता ऐकण्यासाठी मुंबईत कोण खोळंबले आहे?

ॲलन सिलिटो ह्या इंग्रज लेखकाची, लांब पल्ला धावणाऱ्याच्या एकाकीपणावरची १९५९ सालची दीर्घकथा ह्याच प्रश्नाला हात घालते. सुधारगृहातला स्मिथ नावाचा पोरगा पहाटे एकटा धावतो. गव्हर्नरला आपल्या संस्थेसाठी चषक हवा आहे आणि तो ह्या पोराने जिंकून द्यावा अशी त्याची इच्छा आहे. स्मिथ सर्वांच्या पुढे असतो. परंतु शेवटच्या दोरीच्या अलीकडे तो मुद्दाम रेंगाळतो आणि शर्यत हरतो. कथा प्रथम वाचली तेव्हा मी चिडलो होतो. शिक्षकाच्या जातीला हे रुचणारे नव्हे. आता वाटते की धावण्यावरच्या साहित्यातला सर्वांत कठोर प्रश्न ह्या कथेने विचारला आहे : तू हे पुरे करतोस ते कोणासाठी? उत्तर खोटे असेल, तर पोचणेही खोटे. तथापि ही थांबण्याची कथा आहे, आणि तीही दमलेल्या माणसाची नव्हे. स्मिथच्या पायांत ताकद शिल्लक होती. नसती तर त्याने काय केले असते, हे सिलिटो सांगत नाही.

ते सांगतो जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी. त्याचे धावण्याच्या आठवणींचे पुस्तक जपानीत २००७ साली आणि इंग्रजीत २००८ साली आले. १९८३ च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, तो अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा धावला. एवढे अंतर तो प्रथमच कापीत होता. त्या प्रकरणात शौर्य नाही. शेवटच्या टप्प्यात त्याला राग येतो. कडेला चरणाऱ्या मेंढ्यांचा येतो, गाडीत बसून फोटो काढणाऱ्याचाही येतो. थंडगार बिअरचे स्वप्न पाहत तो पाय टाकीत राहतो, आणि ती मिळाल्यावर स्वप्नातल्याइतकी गोड लागत नाही. हे मला फार खरे वाटले. पोचणे हे स्वप्नापेक्षा थोडे फिके असते, हे सांगण्याचे धैर्य आमच्या प्रेरणाकारांत नाही. उणीव एवढीच की मुराकामी स्वभावानेच एकटा आहे. त्याची रीत त्याच्यासारख्यालाच मानवेल. चारचौघांत वाढलेल्या आमच्या पोराला ती जड जाईल.

म्हणून मी घरच्या वाटेवर आलो. दि. बा. मोकाशी ह्यांचे ‘पालखी’ १९६४ साली प्रसिद्ध झाले. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता ते वारकऱ्यांबरोबर चालले; मात्र भक्त म्हणून नव्हे, पाहणारा म्हणून. ह्या पुस्तकाचे मोठेपण मला त्याच्या संशयात दिसते. श्रद्धा उसनी न घेता, चालणाऱ्यांची थट्टाही न करता, ते जवळून पाहत जातात. आणि दिसते ते असे की दोन-अडीचशे किलोमीटर कोणी एकदम चालत नाही. माणूस पुढच्या मुक्कामापर्यंत चालतो.

ह्याची साक्ष मला कपिलधारेच्या वाटेवरच मिळाली होती. कार्तिकीला मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून पायी दिंड्या येतात. काही वर्षांपूर्वी अशा एका दिंडीबरोबर मी दोन दिवस चाललो होतो. सत्तरीची एक आजी पाय ओढीत चालली होती. मी म्हटले, “आजी, दमलात. गाडीत बसा की.” ती म्हणाली, “दमले तर हायेच बाबा. पण म्होरल्या मुक्कामाला भाकरी थापायची पाळी माझी हाय.” मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’ तिने किती ऐकले होते कोण जाणे, पण तिला पुढे नेत होती ती परातीतली भाकरी. आपल्यावाचून कोणाचे तरी अडेल, एवढे लहानसे कारण.

फळीवर एक जागा मात्र रिकामी राहिली, आणि ती मला सारखी टोचते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षाही लांब होती. बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर धावलेले सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. आमच्या मुलखातली दोन माणसे साता समुद्रापलीकडे एकाच रस्त्यावर धावली. एक पोचला, एक थांबला. कादंबरीकाराला ह्याहून काय हवे? आणि तरी आम्ही ऐतिहासिक कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा तेच गड चढत-उतरत राहिलो.

दुसऱ्यांना बोल लावताना माझीही झडती द्यावयास हवी. माझ्या ट्रंकेत एक कादंबरी पडून आहे. तीनशे पानांची योजना होती. दोनशे दहाव्या पानाला मी थांबलो, त्याला नऊ वर्षे झाली. लोक विचारतात तेव्हा शाळेच्या कामाचे निमित्त सांगतो. खरे कारण, माझ्याही पायांतली साखर संपली आणि पुढच्या मुक्कामाला माझ्या भाकरीची वाट पाहणारे कोणी मला दिसेना. दातारांविषयी मला चौगुल्यांपेक्षा अधिक जवळीक वाटते ती ह्याचमुळे.

गेल्या रविवारी तो पोरगा घरी आला. मी त्याला दोन पुस्तके दिली, मुराकामीचे आणि मोकाशींचे. सिलिटो दिला नाही. तो मुंबईहून परतल्यावर वाच म्हटले. एक कोरी वहीही दिली, आणि सांगितले, “बत्तीस किलोमीटरनंतर काय काय झालं ते सारं लिहून आणायचं. राग आला तर राग लिही. बसलास तर का बसलास ते लिही. मला हवं आहे.”

वही उलटसुलट करीत तो म्हणाला, “म्हणजे तुमच्यासाठी जाऊन बघून यायचं?”

“हो. माझं अडलं आहे.”

तो हसला. “मग थांबून कसं जमंल, गुरुजी?”

त्या रात्री ट्रंक उघडली. दोनशे अकराव्या पानावर आता तारीख तेवढी घातली आहे. कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतील, तोवर पुढचा मुक्काम गाठावयाचा असा बेत आहे.