यंत्राला सगळं दिसतं, मग गुप्तहेर कशाला?

समुद्रावर वसवलेलं एक शहर आहे, ॲस्ट्रम क्लोज. तिथलं गुन्ह्यांचं प्रमाण ०.००१ टक्का. सगळे नागरिक मिळून एकच सामायिक स्वप्न पाहतात आणि त्या स्वप्नातच त्यांची मनं ताळ्यावर ठेवली जातात, त्यामुळे कुणाच्या डोक्यात वाकडं काही शिजतच नाही, असा दावा. आणि या शहराच्या संस्थापकाचाच खून होतो. तोक्योच्या ‘मायडिअरेस्ट’ कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘डिस्क्रोनिया : क्रोनॉस आल्टरनेट’ या व्हीआर (आभासी वास्तव) गेमचा पहिला भाग आणला, तो या कल्पनेवर. हेडसेट चढवला की आपण हॅल सायन नावाचे तपास अधिकारी होतो. सोबतीला लिली ही रोबो. आणि अंगी एक अजब शक्ती: वस्तूला हात लावला की तिच्या अवतीभोवती पूर्वी काय घडलं ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

एवढं ऐकून बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’वर वाढलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल. गेमचं चित्रण देखणं आहे, शहर खरोखर भोवती पसरतं, मान वर केली की इमारतींचे मजले मोजावेसे वाटतात. पण थोड्याच वेळात मनात पाल चुकचुकते. वस्तूच साक्ष द्यायला लागल्या तर गुप्तहेराला काम काय उरलं? फिरा, हात लावा, बघा, पुढच्या वस्तूकडे चला. तपास आपण करत नाही; तपासाचा निकाल आपल्याला हप्त्याहप्त्याने दाखवला जातो.

हे दुखणं एकट्या ‘डिस्क्रोनिया’चं नाही. व्हीआरमधल्या तपासकथांना आता दहाएक वर्षं होत आली आणि विज्ञानकथेचा साज चढवलेल्या त्यातल्या बहुतेक याच खड्ड्यात पडल्या आहेत.

खड्डा तसा जुना. अमेरिकी विज्ञानकथेवर ज्यांचा दरारा होता ते संपादक जॉन कॅम्पबेल म्हणत, विज्ञानकथेत रहस्यकथा जमायचीच नाही, कारण गुप्तहेर अडला की खिशातून नवं यंत्र काढणार आणि वाचक बसणार हात चोळत. आयझॅक असिमोव्हनी ते आव्हान मानलं आणि ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहिली. १९५४मध्ये ती पुस्तकरूपाने आली. एलायजा बेली हा हाडामासाचा पोलीस आणि डॅनील हा यंत्रमानव, अशी जोडी. असिमोव्हनी पाळलेलं पथ्य सोपं होतं. यंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही हे वाचकाला आधी सांगून टाकायचं, आणि कोडं त्या ‘जमत नाही’मध्ये लपवायचं. म्हणजे यंत्र जितकं बलवान, तितकी त्याची मर्यादा नेमकी आखलेली हवी. आज कोट्यवधी रुपये ओतून गेम करणाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वीचं हे पथ्य वाचलेलं दिसत नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं होतं. १९८६च्या ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन पेटीचा उलगडा करता करता शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवतात. आधी पेटी हे कोडं, मग वामन हेच कोडं. तिथे विज्ञान तपासाचं हत्यार आहे आणि संशयितही तेच आहे. ‘डिस्क्रोनिया’च्या सामायिक स्वप्नात ही ताकद ठासून भरलेली होती. मनं स्वच्छ करणाऱ्या शहरात खून झाला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात ते स्वप्नच पहिलं उभं राहायला हवं. गेमला हे कळतं, पण आपल्याला ते शोधू देण्याऐवजी तो ते लांबलचक संवादांतून सांगत बसतो. गंमत म्हणजे पुढे हाच गेम हेडसेटशिवाय खेळता येईल असा निन्टेन्डो स्विचवरही आला. जी गोष्ट हेडसेट काढूनही तशीच कळते, तिच्यासाठी तो चढवायचा कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं कठीण आहे.

मागे वळून पाहू. २०१६मध्ये रॉकस्टेडीचा ‘बॅटमॅन : आर्कहम व्हीआर’ आला. तासाभराचा जीव. पण त्यात एक प्रसंग असा आहे की मृतदेहाजवळ उभं राहून आपण मारामारी मागेपुढे सरकवतो आणि नेमका घाव कुठे बसला ते शोधतो. इथेही यंत्रच सगळं दाखवतं, तरी योग्य क्षण आपल्या नजरेने निवडायचा असतो. एवढी छोटी मोकळीकही किती सुखावते! २०१७च्या अखेरीस रॉकस्टारने ‘एल.ए. नॉयर’मधली सात प्रकरणं निवडून व्हीआरमध्ये आणली. १९४७चं लॉस एंजेलिस, हातात वही-पेन्सिल, समोर साक्षीदार. यात विज्ञानकथेचा लवलेश नाही, आणि तरीही विज्ञानकथावाल्यांनी शिकावं असं इथेच जास्त आहे. अभिनेत्यांच्या चेहऱ्याची हालचाल टिपून घेतलेली असल्यामुळे माणूस डोळे चुकवतो ते दिसतं. तो खोटं बोलतोय का, हे आपण ठरवायचं. चुकलो तर वहीत ती चूक राहते. यंत्र तोंडात मारल्यासारखं गप्प असतं आणि म्हणूनच गुप्तहेर जिवंत वाटतो.

‘ब्लेड रनर : रेव्हेलेशन्स’ (२०१८) गूगलच्या डेड्रीम या मोबाइलवरच्या व्हीआरसाठी केला होता. पुढे डेड्रीमच गुंडाळलं गेलं. पाऊस आणि निऑनच्या पाट्या यांपलीकडे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. फायरप्रूफचा ‘द रूम व्हीआर’ (२०२०) कुलपं-कळांच्या कारागिरीत अप्रतिम आहे. १९०८च्या लंडनमधला गुप्तहेर आपण असतो खरे, पण माणसांशी गाठ जवळजवळ पडतच नाही. तो तपास नव्हे, उत्तम सुतारकाम आहे. ‘रेड मॅटर’च्या दोन्ही भागांचंही (२०१८ आणि २०२२) तसंच. पृथ्वीबाहेरचे सोडून दिलेले तळ, शीतयुद्धाची छाया, हातात बसणारी अवजारं. सुंदर, आणि निर्मनुष्य.

या सगळ्यांत मला पुन्हा पुन्हा आठवतो तो माद्रिदच्या ‘तकिला वर्क्स’चा ‘द इन्व्हिजिबल अवर्स’ (२०१७). निकोला टेस्ला यांचा बेटावरचा वाडा. पाहुण्यांत थॉमस एडिसन आहेत, रंगभूमी गाजवणारी सारा बर्नहार्ट आहे. गुस्ताव नावाचा एक खचलेला स्वीडिश गुप्तहेर येऊन पोहोचतो तेव्हा टेस्ला मरून पडलेले असतात. आपण कोण? कुणीच नाही. वाड्यात आहोत, पण कुणाला दिसत नाही. सगळी पात्रं एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत आपापलं जगत असतात. एडिसनच्या मागे गेलो तर वरच्या मजल्यावरचं भांडण हुकलं. मग वेळ मागे फिरवायची, दुसऱ्याचा पाठलाग करायचा. तिसऱ्या फेरीत कळतं की पहिल्या फेरीत जे रडणं वाटलं होतं ते सोंग होतं. म्हणजे इथेही काळ मागे नेणारी अमर्याद ताकद आहे, पण ती आयतं उत्तर देत नाही. कुठे उभं राहायचं हे ती सांगत नाही. कॅम्पबेलच्या आक्षेपाला व्हीआरमध्ये मिळालेलं हे सर्वांत चांगलं उत्तर.

त्यात एक खोट मात्र आहे, आणि ती मोठी आहे. शेवटपर्यंत कुणी आपल्याला विचारत नाही की बाबा, तुझा संशय कुणावर? आपण कुणाला प्रश्नही करू शकत नाही. पिशाचासारखं हिंडायचं नि निघून जायचं. नाटक म्हणून ते परिपूर्ण आहे, तपास म्हणून अर्धं. ‘तकिला वर्क्स’ २०२४च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्या वाटेने पुढे जायला कुणी राहिलं नाही, ही या कलेची मोठी हानी.

व्हीआरमधल्या तपासकथा त्या खड्ड्यात का पडतात, याची कारणं निव्वळ साहित्यिक नाहीत. हेडसेटमध्ये शरीर खुर्चीत बसलेलं आणि डोळे मात्र चालतायत, अशी फारकत झाली की कानातली तोलाची यंत्रणा गोंधळते आणि मळमळतं. म्हणून चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायची सोय ठेवतात. बारीक अक्षरं वाचताना डोळे शिणतात, त्यामुळे कागदपत्रांचा पुरावा कमी. जिवंत वाटेल असं संभाषण महाग पडतं, कारण प्रत्येक प्रश्नाला अभिनय लागतो, आवाज लागतो. स्वस्त काय? वस्तू. वस्तू उचलता येते, फिरवता येते, फेकताही येते, आणि हाताला ते खरं वाटतं. तेव्हा पुरावा वस्तूत ठेवायचा आणि वस्तूला बोलतं करायला एखादं भविष्यकाळातलं यंत्र आणायचं. विज्ञानकथा इथे कथेच्या गरजेतून येत नाही. निर्मात्याची पैशांची अडचण झाकायला तिला बोलावलेलं असतं.

मराठीत असा गेम नाही. व्हीआरचं काम मात्र महाराष्ट्रात झालं. मुंबईच्या ‘मेमेसिस कल्चर लॅब’ने २०१६मध्ये ‘एल्सव्हीआर’ सुरू करून माहितीपट केले. त्यातला ‘कॉस्ट ऑफ कोल’ छत्तीसगडच्या कोरबातल्या कोळशाच्या पट्ट्यात घेऊन जातो. या संस्थेचे आनंद गांधी ‘तुंबाड’च्या निर्मितीतही होते आणि ‘तुंबाड’च्या मुळाशी नारायण धारपांची कथा आहे, म्हणजे मराठी भयकथा आणि व्हीआर यांच्यात एका माणसाचंच अंतर होतं. तो पूल बांधला गेला नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ने २०२०मध्ये ‘राजी’ काढून भारतीय गोष्ट जगभर खेळली जाते हे दाखवलं. तो व्हीआर गेम नाही, तपासकथाही नाही. उपकरणांचं म्हणाल तर सोनीचा पीएस व्हीआर २ भारतात आला तो सुमारे ५८ हजार रुपयांना, आणि तो चालवायला प्लेस्टेशन वेगळं. इतक्या पैशांत आमच्याकडे एक बरी जुनी मोटरसायकल येते.

आमच्याकडे म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. अशी तपासकथा इथे रचायची तर काय लागेल ते पाहायला आता प्रतापगडाबद्दल बोलू. साताऱ्याचा नव्हे, गोंदिया जिल्ह्यातला, गोठणगावजवळचा. डोंगर, त्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचं स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला पायवाट दिसेनाशी होते इतकी माणसं लोटतात. जवळच नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत, १९७२पासूनची, जिच्या पत्त्यात टपाल प्रतापगडाचंच. पलीकडे इटियाडोहचं पाणी. इथे एखादी गोष्ट चोरीला गेली, किंवा यात्रेच्या रात्री कुणी नाहीसं झालं, तर दगडाला हात लावून काय हाती लागणार? पायरीवरचा नारळवाला, दर्ग्यातले मुजावर, तिबेटी म्हातारी, जाळं टाकणारा ढीवर, प्रत्येकाने त्या रात्रीचा एकेक तुकडा पाहिलेला असणार, आणि प्रत्येक जण तो वेगळ्या कारणाने लपवणार. कुणी भीतीने, कुणी भिडेने, कुणी निव्वळ समोरचा पाहुणा आहे म्हणून. इथला तपास बोलण्यातून चालतो. कुणाशी आधी बोललो यावर दुसरा काय सांगेल हे ठरतं.

म्हणून मला वाटतं, मराठीत पहिला प्रयत्न करणाऱ्याने असिमोव्हचं पथ्य पाळून यंत्राला आंधळं करावं. असं यंत्र कल्पावं की जे डोंगरावर त्या रात्री उमटलेला प्रत्येक आवाज परत ऐकवतं, जिथे उमटला तिथूनच, पण दाखवत काहीच नाही. यात्रेची गर्दी, घंटा, कव्वाली, तिबेटी कुजबुज, आणि मध्येच एक वाक्य. ते कुणाचं? इथल्या झाडीबोलीतलं आहे की नागपूरकडचं? दम लागलेला माणूस बोलतोय, म्हणजे तो चढून आला की पळून? खेळणाऱ्याने त्या जागी उभं राहून मान वळवायची, आवाज कोणत्या अंगाने आला ते ओळखायचं आणि मग दिवसाउजेडी त्या माणसाला प्रश्न करायचा. चुकीच्या माणसावर ठपका ठेवला तर गाव खेळणाऱ्याशी बोलायचं बंद होईल, आणि तशी शिक्षा कोणत्याही गेमच्या ‘पुन्हा प्रयत्न करा’पेक्षा कडक ठरेल. हेडसेटमधला दिशेचा आवाज हे आजच्या तंत्रातलं सर्वांत पक्कं अंग आहे आणि चित्रांपेक्षा स्वस्त पडतं. चेहरे टिपणारी यंत्रणा परवडत नसेल तर गळा परवडतो.

गळ्यांची तर इथे वाण नाही. देसाईगंज-वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या हंगामात गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. हे नट शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोहोचवतात आणि खोटं बोलणारं पात्र खोटं बोलतंय हे प्रेक्षकाला, पण फक्त प्रेक्षकालाच, कळेल असं बोलतात. गेमवाल्यांना नेमकं हेच कसब लागतं. जोडीला आकाशवाणीच्या श्रुतिकांची परंपरा आहे, जिथे दार, पावलं आणि श्वास यांच्यावर अख्खी रहस्यकथा उभी राहायची.

तेव्हा माझी सूचना अशी की आधी हेडसेटला हात लावू नये. गोष्ट श्रुतिका म्हणून लिहावी, झाडीपट्टीच्या नटांकडून ध्वनिमुद्रित करावी आणि मंडईच्या दिवसांत एखाद्या गावात लोकांना ऐकवावी, शेवटचा भाग राखून. मग प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन संशयिताचं नाव विचारावं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं तर संहिता पुन्हा लिहावी. पाच नावं आली आणि प्रत्येकाकडे आपल्या नावाचं कारण असलं, तर प्रोग्रॅमरला बोलावणं धाडावं.