अनियतकालिकाचे आयुष्य

कस्तुरबा गांधी मार्गावरील आमच्या कचेरीत मधल्या सुट्टीत जमणाऱ्या चौघांनी अनियतकालिक काढावयाचे ठरविले आणि पहिलाच वाद वर्गणीवरून झाला. वर्गणी घेतली की तारीख आली, व तारीख आली की पाने भरण्यापुरता मजकूर स्वीकारणे आले.

दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ प्रभृतींचे मुंबईतील चक्रमुद्रित 'शब्द' १९६० साली थांबले. मौजेचा छापखाना पाठीशी असलेली 'सत्यकथा'ही १९८२ साली बंद पडली. सातत्य हीच कसोटी मानल्यास दोन्ही अनुत्तीर्ण ठरतील. ही कसोटी मला कारकुनी वाटते, आणि कारकुनी तर मी रोज करतो! अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली काढला. पुढचे निघाले ते २००३ साली. मधली २६ वर्षे कोणत्या वर्गणीदाराने सोसली असती? त्यांतील 'भिजकी वही'ला २००५ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले.

मात्र असा उद्योग एकदोघांच्या हट्टावर उभा असतो. हे त्याचे बळ, तसेच वैगुण्यही. आमच्या चौघांपैकी दोघांच्या बदलीचे हुकूम निघाले आहेत. तीन कविता निवडून ठेवल्या आहेत. तोलाची चौथी मिळेपर्यंत अंक निघणार नाही, एवढे मात्र चौघांनी मान्य केले आहे.