बुडण्याच्या गोष्टी, तरंगण्याचा ठेका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इंदूरच्या घरी नातवाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल प्रतिकूल लागला. सायंकाळी त्याच्या खोलीतून मात्र एक उल्हसित इंग्रजी गाणे पुनःपुन्हा ऐकू येऊ लागले. अपयशाच्या दिवशी हा जल्लोष आम्हांस रुचला नाही व तसे आम्ही बोलूनही दाखविले. ‘आजोबा, एकदा ऐका तरी,’ एवढेच तो म्हणाला. आम्ही ऐकले, आणि आमचा अभिप्राय आम्हांस मागे घ्यावा लागला.

गाणे होते ‘फ्लोट ऑन’. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या ‘मॉडेस्ट माउस’ या वाद्यवृंदाचे, २००४ सालचे. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छायेबाहेर जे रॉक संगीत वाढले, त्यास ‘इंडी’ म्हणतात. हा वृंद २००४ पूर्वीच एका बड्या कंपनीकडे गेला होता. परंतु घडण जुनीच राहिली. ज्या संग्रहात हे गाणे आहे, त्याच्या नावाचा अर्थ ‘वाईट बातम्या आवडणाऱ्यांसाठी चांगली बातमी’ असा होतो. गाण्याचे मर्म या विनोदातच आहे.

कडव्यांत केवळ फजितीच्या हकिगती आहेत. मोटार मागे घेताना गायक ती पोलिसांच्या गाडीवर आदळतो. कोणी भामटा त्याचे सारे पैसे लुबाडतो. तोंडून नको ते निघून जाते. पण पोलीस न थांबता निघून जातो, लुबाडला गेलेला हातचलाखी शिकायला मिळाली म्हणून समाधान मानतो, आणि ऐकणारा ते बोलणे हसण्यावारी नेतो. हे सारे चालू असता ढोलाचा सरळ, नाचरा ठेका क्षणभरही अडखळत नाही. शब्द ठेचाळतात, ठेका चालत राहतो. आनंद उपजतो तो या दोहोंच्या अंतरातून.

आयझॅक ब्रॉक यांचा कंठ गोड नाही. तो खरखरीत आहे, मध्येच ओरडतो. हेच गाणे एखाद्या मधाळ गळ्याने म्हटले असते, तर तो उपदेश वाटला असता. येथे मात्र चार टक्केटोणपे खाल्लेला माणूस बोलतो, म्हणून त्याच्या आशेवर विश्वास बसतो.

करुणरसालाच मूळ रस मानणाऱ्या भवभूतीचे आपण वारस. आनंदी गाणे आपल्याला नेहमीच थोडे उथळ वाटत आले आहे. कागदावर वाचली तर या गाण्याची रचना सामान्यच भासेल, आणि मोठ्या दुःखावर ते पुरे पडेल असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु दैनंदिन पराभव हलका करणे, हेही कलेचे लहान काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. कडव्यांत ‘मी’ आहे; ध्रुवपदात तो ‘सगळे’ होतो आणि शेवटी अनेक आवाज मिळतात, भजनात टाळकरी मिळावेत तसे. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच. या ध्रुवपदाचे मराठी करावयाचे झाल्यास ‘आपण’ हाच शब्द घ्यावा लागेल, कारण त्यात ऐकणाराही आला.

त्या सायंकाळी नातू जल्लोष करीत नव्हता. तो सोबत शोधीत होता. गाण्याने ती आमच्या आधी दिली, याची रुखरुख आम्हांस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ते गाणे आम्हीच लावावयास सांगितले.