लघु बाष्पयंत्रे आणि अभियांत्रिकी अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन यंत्राच्या प्रतिकृतीला मानाचे स्थान आहे. इ.स. १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॅट यांनी ती दुरुस्त केली व त्यातून पुढे स्वतंत्र संघनकाची कल्पना उदयास आली, हे सर्वश्रुत आहे. प्रयोगशाळेत लहान बाष्पयंत्र असावे, या मताच्या समर्थनार्थ हा दाखला सहज देता येतो. मात्र तो नेमके काय सिद्ध करतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिकृतीतील दोष :
ही प्रतिकृती जॉन अँडरसन यांच्या निसर्ग-तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी होती. तिच्या सिलिंडरचा व्यास सुमारे २ इंच व दट्ट्याची धाव ६ इंच होती. बॉयलर पुरेसा मोठा दिसत असूनही यंत्र थोडे फेरे घेऊन थांबत असे. आकार लहान होत जातो तसे घनफळाच्या मानाने पृष्ठफळ वाढते. त्यामुळे दर फेऱ्यात थंड होणारा सिलिंडर पुन्हा तापविण्यातच बरीचशी वाफ खर्ची पडे. मोठ्या यंत्रातही हाच अपव्यय होत होता. परंतु तेथे यंत्र चालत राहिल्याने तो नजरेआड राहिला. लहान आकाराने दोष निर्माण केला नाही, तो ठळक केला.

वॅट यांनी पुढे लाकडी सिलिंडरची प्रतिकृती करून पाहिली व वाफेचे मापन केले. वाफ स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळत्या बिंदूपर्यंत तापविते, असे त्यांना आढळले. त्याचा उलगडा जोसेफ ब्लॅक यांच्या अप्रकट उष्म्याच्या सिद्धान्ताने झाला. १७६५ मध्ये संघनकाची कल्पना सुचली व १७६९ मध्ये पेटंट मिळाले.

चिकित्सा :
येथे एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. या प्रतिकृतीने शिकविले ते वर्गातील विद्यार्थ्यांना नव्हे, तर उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला. वर्गासाठी ती प्रात्यक्षिकाची वस्तू होती व न चालणे हा केवळ बिघाड होता. वॅट यांनी त्या बिघाडाचा प्रश्न केला. म्हणजेच उपकरण जवळ असणे पुरेसे नाही. ते उघडण्याची, मोजण्याची व अपयशाचे कारण शोधण्याची मुभा असावी लागते.

मँचेस्टरच्या ओवेन्स महाविद्यालयात ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी हे तत्त्व संस्थेच्या पातळीवर आणले. तेथील त्रिस्तरीय प्रसरणाचे बाष्पयंत्र प्रतिकृतीहून कितीतरी मोठे, तरी प्रयोगशाळेत मावणारे होते. तीन स्वतंत्र भाग व प्रत्येकाला जलीय (हायड्रॉलिक) ब्रेक, अशी रचना मापनासाठीच केलेली होती. याच यंत्रावर रेनॉल्ड्स व मूरबी यांनी १८९७ मध्ये उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक निश्चित केला. अध्यापन व संशोधन एकाच यंत्रावर चालू शकते, याचा हा पुरावा होय.

याउलट, बटण दाबताच संगणकावर तयार आलेख उमटविणारा संच विद्यार्थ्याला पुन्हा प्रेक्षकाच्या जागी बसवितो. लहान टर्बाइनची कार्यक्षमता गळती व उष्णताऱ्हासामुळे कमीच येणार. तो आकडा वीजकेंद्राला लावणे चुकीचे ठरते. पण इंधनातील उष्णता कोठे कोठे गेली, याचा ताळेबंद विद्यार्थ्याने स्वतः मांडला, तर तोच कमी आकडा सर्वाधिक शिकवितो. अर्थात बंद पात्रातील वाफ लहान प्रमाणातही धोकादायक असते. म्हणून ही मुभा देखरेखीशिवाय देता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षित प्रयोगशाळा-साहाय्यक हवा. उपकरणाच्या किमतीइतकाच हा खर्चही आवश्यक मानला पाहिजे.

निष्कर्ष :
लघु बाष्पयंत्राचे शैक्षणिक मूल्य मोठ्या यंत्राशी असलेल्या साम्यात नसून त्या दोहोंतील फरकाचे कारण शोधण्यात आहे. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तराला गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी विसंगत नोंद खोडून टाकील. विसंगतीच्या स्पष्टीकरणाला गुण दिले, तरच ग्लासगोचा दाखला देण्याचा अधिकार प्रयोगशाळेला प्राप्त होईल.