‘सामाईक’ की ‘नांदते’?

2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मराठीत समजावून सांगताना आपण ‘सामाईक घर’ असे सहज म्हणून जातो. मीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. आता तो शब्द मला खटकतो.

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाईंना मी तो सांगितला, तेव्हा त्यांनी पिशवीतून ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढला. ‘‘भाऊ, ह्यात माझं नाव कुठंय? सासऱ्यांचंच आहे.’’ त्यांचे काय चुकले? सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक खाते. हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या कागदांत वाढलेला आहे आणि तो नावे मागतो. कलम 17 नेमके उलटे सांगते. घरावर मालकी असो वा नसो, कौटुंबिक नात्यातल्या स्त्रीला तिथे राहण्याचा हक्क आहे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

हा घोळ व्हरांड्यापुरता असता तर लेख लिहिला नसता. कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला आणि 50 दिवसांनी, 15 डिसेंबरला, बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही उताराच पाहिला. घर सासूच्या मालकीचे, म्हणून सुनेचा हक्क नाही. पतीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे, एवढ्याच घरांना मान्यता. व्याख्येची वाक्यरचना बेंगरूळ आहे, हा निकालातला शेरा मला मान्य आहे. पण बेंगरूळ वाक्याचा अर्थ जिच्यासाठी ते लिहिले तिच्याविरुद्ध का लावायचा? नवऱ्याच्या काका-मामांच्या घरांवरही हक्क सांगितले जातील, अशी धास्ती त्यामागे दिसते. चार दिवस पाहुणी म्हणून राहणे आणि नांदणे, यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

15 ऑक्टोबर 2020 रोजी आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी बत्रा निकाल चुकीचा ठरवला. घर सासऱ्याचे असले तरी चालेल. तिथल्या राहण्यात काही स्थैर्य हवे. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार व्हावा, हेही त्यात आहे आणि ते रास्त आहे. मला या निकालात ‘नांदणे’च ऐकू येते, जरी तो इंग्रजीत असला तरी.

मग ‘नांदते घर’ म्हणावे का? शब्द गोड आहे, पण निर्दोष नाही. रखमाबाईंवर 1884 मध्ये पतीने दावा लावला तो नांदायला येण्यासाठीच, आणि 1887 मध्ये नांद नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. शिवाय कायदा बहीण, आई, लेक यांनाही आहे. त्या माहेरी ‘नांदत’ नाहीत. 2022 च्या प्रभा त्यागी निकालाने तर जिने त्या घरात कधी पाऊलही टाकले नाही, तिचाही हक्क मानला. तिथे माझा शब्द तोकडाच पडतो.

तरी सुनांशी बोलताना मी हल्ली ‘सामाईक’ म्हणत नाही. ‘‘बाई, तुम्ही तिथं नांदलात ना?’’ असे विचारतो. त्या ‘हो’ म्हणाल्या, की उतारा पिशवीत ठेवायला सांगतो. रेशनकार्ड आणि मुलांचा शाळेचा दाखला आधी बघतो.